विरजण आणि मीठ

सकाळी साडेआठला ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर, पोचले की पर्स टेबलावर टाकायची, एअरेशन टँकच्या, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीच्या, जिन्यावर चढायचं, दोरीला बांधलेला मग खाली सोडायचा आणि भरून वर ओढायचा, गेली नऊ वर्षं माझा दिवस असा सुरू होतो. मगात जे येतं ते चॉकलेटी रंगाचं दाट पाणी असतं. नवीन माणूस आला की नाकाला रुमाल लावतो, पण जरा वेळ थांबला की त्याला पण कळतं की हा वास घाणीचा नाही, वळीव पडून गेल्यावर रानात येतो तसला आहे. ते पाणी एक लिटरच्या उंच सिलिंडरमध्ये ओतायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. पहिली दोनतीन मिनिटं काहीच होत नाही, मग त्या चॉकलेटी ढगाला भेगा पडल्यासारख्या दिसतात, कणांचे पुंजके एकमेकांना धरून खाली जायला लागतात आणि वर स्वच्छ पाण्याची एक पट्टी उघडते, ती वाढत जाते. अर्ध्या तासाने गाळ किती मिलिलिटरपर्यंत बसला तो आकडा वहीत लिहायचा. तीनशेच्या आसपास आला तर दिवस बरा. सातशे-आठशे आला म्हणजे गाळ फुगलाय, बसेना झालाय, क्लॅरिफायरवरून, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीवरून, वाहून जाणार. पन्नासच्या खाली आला तर टँकमध्ये खाणारी तोंडंच कमी झालीत.

काय काम करतेस असं कुणी विचारलं की केमिस्ट आहे म्हणून सांगते, पण मनातल्या मनात मला नेहमी वाटतं की मी विरजण सांभाळते.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला, आणि नोकरी इचलकरंजीत एका प्रोसेसमध्ये, म्हणजे जिथे कापड धुतात, ब्लीच करतात, रंगवतात तिथे. आमच्या गावापर्यंत नदी येते ती इचलकरंजीवरून येते. म्हणजे ज्या पाण्याच्या वरच्या टोकाला मी पगार घेते त्याच पाण्याच्या खालच्या टोकाला माझे आईवडील राहतात. हे वाक्य मी पहिल्यांदा नीट मनात म्हणून बघितलं तेव्हा मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती, अशी पाच नावं आज्जी बोटावर मोजून दाखवायची. पुढे नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. आज्जी सांगायची की तिच्या लग्नानंतर कित्येक वर्षं पिण्याचं पाणी नदीतूनच यायचं, वाळूत हातभर खड्डा केला की झिऱ्याला पाणी लागायचं आणि ते फडक्याने गाळून घागरीत. मी लहान असताना पाण्याला उन्हाळ्यात हिरवट कळा यायची, मग केंदाळ आलं, आणि मी कॉलेजला जाईपर्यंत मार्च-एप्रिलमध्ये अख्खं पात्र केंदाळानं झाकलेलं, लांबून बघितलं तर उसाचं रान वाटावं असं. तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगतायत हा फोटो तर आता दरवर्षीचा झालाय, इतका की लोक तारीख बघतात यंदाचा की मागचा.

आता या सगळ्याला एकटी इचलकरंजी जबाबदार आहे असं म्हणणं खोटं होईल. वर कोल्हापूर शहराचं सांडपाणी आहे, जयंती नाला आहे, काठावरच्या गावांच्या गटारी आहेत ज्यांच्यावर कसलीच प्रक्रिया होत नाही, साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या आहेत, मळीचं पाणी असं आपण नुसतं म्हणतो पण डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशची, म्हणजे दारू गाळून उरलेल्या पाण्याची, बीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप, पुढे सांगते) लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असते, घरातल्या सांडपाण्याची दोन-तीनशे. म्हणजे एक टँकर तसलं पाणी सुटलं तर दीडदोनशे टँकर गटारीचं पाणी सुटल्यासारखं. हे सगळं होत होत नदी इचलकरंजीला येते आणि तिथे काळा ओढा तिला मिळतो. ओढ्याचं नावच काळा ओढा, रंगावरून पडलेलं.

इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग लावला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचा त्याला पाठिंबा होता, आणि तिथून पुढे हे गाव मागांच्या आवाजावर वाढलं. अजूनही रात्री गल्लीतली खटखट थांबली की लोकांना जाग येते, लाईट गेली का म्हणून. मँचेस्टर म्हणजे कापड, एवढंच मला पण माहीत होतं. शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला असताना सांडपाण्याचा एक पेपर होता आणि त्याच्या पुस्तकात एका चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज ही पद्धत, जिच्यावर आज जगातली बहुतेक मोठ्या शहरांची सांडपाणी केंद्रं चालतात, ती सापडली मँचेस्टरला. मी ते वाक्य दोनदा वाचलं. खऱ्या मँचेस्टरनं कापड तर काढलंच पण त्या कापडानं आणि माणसांनी घाण केलेलं पाणी धुवायची युक्ती पण तिथेच निघाली, आणि आपण त्याचं फक्त अर्धं नाव घेतलं.

मग मी त्याच्या मागेच लागले.

मँचेस्टरची अर्वेल नदी त्या काळात गिरण्या, रंगारी, टॅनऱ्या आणि लाखो माणसांच्या मैल्यानं मेलेली होती. १८९४ ला शहराबाहेर डेव्हिहुल्मला सांडपाण्याचं केंद्र सुरू झालं. पाण्यात हवा सोडली की घाण कमी होते हे त्या वेळेपर्यंत बऱ्याच जणांना कळलं होतं पण वेळ फार लागायचा, परवडणारं नव्हतं. गिल्बर्ट फाउलर नावाचे केमिस्ट १९१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लॉरेन्स इथल्या प्रयोगशाळेत जाऊन काही प्रयोग बघून आले आणि त्यांनी डेव्हिहुल्मच्या दोघांना, एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांना, बाटलीत सांडपाणी घेऊन हवा सोडून बघायला सांगितलं. त्या दोघांनी बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला, उजेडानं शेवाळ वाढू नये म्हणून, आणि हवा सोडत राहिले. पाणी पूर्ण साफ व्हायला साधारण पाच आठवडे लागले. पाच आठवडे! एवढं पाणी शहरानं साठवायचं कुठे?

इथपर्यंत इतरही लोक आले होते. पाणी साफ झालं की ते बाटली रिकामी करून, धुवून, नवीन पाणी घेऊन पुन्हा सुरू करायचे, प्रयोगशाळेची शिस्तच तशी असते. आर्डर्न आणि लॉकेटनी बाटली धुतली नाही. वरचं नितळ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवीन सांडपाणी ओतलं. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागला, तिसऱ्या खेपेला आणखी कमी. गाळ साठत गेला आणि आठवड्यांचं काम शेवटी एका दिवसात व्हायला लागलं. ३ एप्रिल १९१४ ला त्यांनी हे मँचेस्टरला केमिकल इंडस्ट्रीच्या सोसायटीपुढे मांडलं.

मी हे वाचलं आणि मला आमच्या माजघरातली आज्जी दिसली. दही संपलं म्हणून मी एकदा गाडगं घासून पालथं घातलं होतं तर ती म्हणाली होती, "आगं, ईरजणापुरतं तरी ठेवायचं न्हाई व्हय? आता कुणाच्या दारात जाऊ वाटी घिऊन?" मी दहा वर्षांची असेन. विरजण हे टाकायचं नसतं, कालचं थोडं आजच्यात घालायचं आणि आजचं थोडं उद्यासाठी राखायचं, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत असतं. त्या दोन माणसांनी सांडपाण्याचं विरजण लावलं होतं. गाळात जिवाणू असतात, घाण हेच त्यांचं खाणं, त्यांना हवा दिली की ते खातात, वाढतात, चिकट पुंजके करतात आणि त्या पुंजक्यांना वजन आल्यामुळे तळाला बसतात. बसलेला गाळ पुन्हा पंपानं टँकच्या तोंडाशी आणायचा. रिटर्न स्लज म्हणतात त्याला. माझ्या प्लांटवर चोवीस तास हेच चालू असतं.

आणखी एक गोष्ट सांगते जी मला फार आवडते. ते फाउलर पुढे १९१६ ला भारतात आले, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवायला. म्हणजे हा शोध लागून दोनेक वर्षं झाली तोच तो माणूस आपल्या देशात होता. आणि आज शंभर वर्षांनी आपल्याकडे किती शहरांचं मैलापाणी तसंच नदीत जातं ते बघितलं की पोटात तुटतं. ज्ञान कमी पडलं असं आपल्याला म्हणता येणार नाही.

बीओडी हा शब्द वर आला, तो जरा सांगायला पाहिजे कारण पेपरात तो रोज येतो आणि कुणी समजावून सांगत नाही. पाण्यात घाण किती ते आपण थेट मोजत नाही. ती घाण खायला जिवाणूंना ऑक्सिजन किती लागला ते मोजतो. बाटलीत पाणी बंद करायचं, सुरुवातीचा ऑक्सिजन मोजायचा, काही दिवसांनी उरलेला मोजायचा. इंग्रजांच्या रॉयल कमिशननं ठरवलं पाच दिवस, का तर तिकडच्या नद्यांचं पाणी साधारण तेवढ्या वेळात समुद्राला मिळतं असं सांगतात. आपल्याकडे उकाडा जास्त, जिवाणू लवकर खातात, म्हणून आपण २७ अंशाला तीन दिवस ठेवतो. नदीत सोडायच्या पाण्याची बीओडी ३० च्या आत आणि सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनानं मोजलेली ऑक्सिजनची गरज, २५० च्या आत हवी असा आपला नियम आहे. उन्हाळ्यात नदीच्या पाण्यात लिटरला जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि माशाला जगायला चार-पाच तरी लागतो, म्हणजे हातात शिल्लक किती राहिली बघा. तीनशे बीओडीचं पाणी त्यात सुटलं की हिशोब तिथेच संपतो. जूनच्या पहिल्या पावसात मासे मरतात ते पण ह्याच्यानंच, ओढ्या-नाल्यांत आठ महिने कुजत पडलेलं काळं सगळं एका रात्रीत नदीत येतं आणि सकाळी बंधाऱ्याला पांढरी रेघ.

आमच्या पाण्यातली बीओडी कुठून येते तर बरीचशी खळीतून. सूत मागावर तुटू नये म्हणून सायझिंगला त्याला स्टार्चची खळ देतात, आणि कापड विणून झालं की रंगवायच्या आधी ती खळ सगळी धुवून काढावी लागते. स्टार्च म्हणजे शेवटी पेज, जिवाणूंना आवडीचं खाणं. पण नुसत्या पेजेवर कुणी जगत नाही, नायट्रोजन-फॉस्फरस लागतो आणि तो कापडाच्या पाण्यात नसतो, म्हणून मी रोज युरिया आणि डीएपी घालते, शेतात घालतात तेच. नवीन प्लांट सुरू करताना शेण कालवून घालायचं, गूळ घालायचा. माझे वडील एकदा प्लांट बघायला आले होते, पोती बघून म्हणाले, "पोरी, तू तर हितं बी शेतीच करतीस की."

इथपर्यंतची गोष्ट सांगायला मला आवडते कारण ती बरी गोष्ट आहे. पुढची तेवढी बरी नाही.

रंग. कॉटनला जो पक्का, चमकदार रंग येतो तो बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह डायचा. हे डाय कापडाच्या धाग्याशी रासायनिक बंध करतात म्हणून धुतले तरी जात नाहीत. १९५० च्या दशकात ते सापडले, रॅटी आणि स्टीफन या दोघांना, आयसीआय कंपनीत, आणि ती प्रयोगशाळा कुठे होती तर ब्लॅकलीला, म्हणजे पुन्हा मँचेस्टर. त्या एका शहरानं आम्हाला नाव दिलं, रंग दिला आणि धुवायची युक्ती पण दिली. फक्त रंग आणि युक्ती यांचं एकमेकांशी जमत नाही. शंभर ग्रॅम डाय टाकला तर साठ-सत्तर, फार तर ऐंशी ग्रॅम कापडाला धरतो, बाकीचा पाण्याशीच बांधला जातो आणि मग तो कशाच्याच कामाचा राहत नाही, तसाच माझ्याकडे येतो. लिटरला एक-दोन मिलिग्रॅम असला तरी डोळ्याला दिसतो. आणि माझे जिवाणू, जे पेज आवडीनं खातात, ते ह्या अ‍ॅझो जातीच्या रंगाला हवेच्या टँकमध्ये फारसं तोंडच लावत नाहीत, थोडा गाळाला चिकटतो, बाकीचा चुना आणि फेरस (लोखंडाचा क्षार) घालून खाली बसवायचा. हवा नसलेल्या चिखलात तो तुटतो खरा पण तुटून अमाईन्स नावाची रसायनं होतात आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा वाईट. म्हणून पाणी बिनरंगाचं दिसतंय म्हणजे साफ झालं असं मी कधी मानत नाही.

तरी रंगाचं एक बरं, तो दिसतो. लोक फोटो काढतात, पेपरात येतं. मीठ दिसत नाही.

सुती कापड पाण्यात भिजलं की त्याच्यावर ऋण भार येतो आणि डायवर पण ऋणच भार असतो, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात. मध्ये मीठ टाकलं की ते भार झाकले जातात आणि डाय धाग्यापर्यंत पोचतो. साधं मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट, गडद शेडला लिटरला साठ ग्रॅम, कधी त्याच्यापेक्षा जास्त. जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रावर, तीनशे किलो कापड आहे आणि बाथ, म्हणजे रंगाचं पाणी, बाराशे लिटरचा आहे असं धरा, बहात्तर किलो मीठ झालं. जवळजवळ दीड पोतं, एका बॅचला. आणि रंग कापडात राहतो पण मिठाचा एक कणही कापडात राहत नाही, जेवढं घातलं तेवढंच्या तेवढं पाण्यातून माझ्याकडे येतं आणि माझ्याकडून जसंच्या तसं पुढे जातं. जिवाणू मीठ खात नाहीत. चुना मीठ पाडत नाही, उलट थोडी भरच घालतो. माझा अख्खा प्लांट, ब्लोअर, क्लॅरिफायर, नऊ वर्षांचा अनुभव, सगळं त्याच्यापुढे उभं राहतं आणि ते मधून निघून जातं.

टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, मीटर पाण्यात बुडवला की इनलेटला जो आकडा, आउटलेटला जवळपास तोच. बाकीचे सगळे रकाने रोज मी अभिमानानं भरते, हा एक भरताना हात जड होतो.

आमच्याकडे शिरोळात आधीच जमिनी क्षारपड झाल्यात, मीठ फुटलंय म्हणतात, पांढरा थर येतो वर आणि ऊससुद्धा उगवत नाही. त्याचं मुख्य कारण ऊसाला दिलेलं बेसुमार पाणी आणि निचरा नसणं हे आहे, ते शेतकऱ्यांनी पण मानलंय आणि जमिनीखाली निचऱ्याचे पाईप घालायचं मोठं काम तिथे लोकांनी केलंय. पण अशा रानाला पुन्हा मिठाचं, म्हणजे सोडियमचंच पाणी उपसून द्यायचं म्हणजे काय होणार? सोडियमनं काळ्या मातीचे कण सुटे होतात, माती पाणी शोषत नाही, ओली असली की चिकट चिखल आणि वाळली की दगड. वडील कुदळ मारून दाखवतात. मला त्यातलं रसायन सगळं माहीत आहे आणि मी गप्प उभी राहते.

तमिळनाडूत तिरुपूरला हे आपल्या आधी घडून गेलंय. नोय्यल नदीवर १९९२ ला ओरत्तुपाळयमचं धरण बांधलं, शेतीसाठी, आणि त्यात रंगारी कारखान्यांचं खारं पाणी असं साठलं की खालच्या शेतकऱ्यांना ते धरण नको झालं. भांडण कोर्टात गेलं आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथली डाईंग युनिट्स बंद करायचा आदेश दिला. त्यानंतर ती सुरू झाली ती झिरो लिक्विड डिस्चार्जवर, म्हणजे पाण्याचा थेंब बाहेर सोडायचा नाही. प्रक्रिया झालेलं पाणी आरओतून काढायचं, चांगलं पाणी पुन्हा डाईंगला, उरलेलं खारं पाणी आटवून मीठ वेगळं करायचं. त्यांनी एक फार हुशारीची गोष्ट केली, ती म्हणजे साफ केलेलं खारं पाणीच डाईंगला परत वापरलं, मीठ तरी लागणारच आहे ना. पण बाष्पीभवनाला वाफ लागते, वीज लागते, खर्च मोठा येतो, आणि शेवटी जे मिश्र मीठ उरतं त्याला गिऱ्हाईक नाही, ते पोत्यात भरून शेडमध्ये ठेवायचं. नदीतलं मीठ शेडमध्ये आलं, हे मी मोठं काम मानते, पण ते संपलं असं म्हणवत नाही.

मँचेस्टरच्या नदीचं काय झालं हे पण मी शोधलं होतं. अर्वेल पुढे मर्सी नदीला मिळते. १९८५ ला तिकडे मर्सी बेसिन कॅम्पेन सुरू झाली, पंचवीस वर्षं चालली, पैसा ओतला, गटारी बदलल्या, आणि मर्सी नदीत सामन मासे परत आले. डेव्हिहुल्मचं केंद्र अजून चालू आहे. वाचून खूप बरं वाटलं आणि मग लक्षात आलं की ह्या गोष्टीतला एक भाग कोणी मोठ्यानं सांगत नाही. नदी सुधारायच्या आधीच लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या होत्या, आणि लोकांनी कपडे घालायचं तर बंद केलं नाही. ते कापड आता तिरुपूरला रंगतं, सुरतला रंगतं, बांगलादेशात रंगतं, आमच्याकडे रंगतं. तिकडच्या पाण्यातलं मीठ इकडच्या पाण्यात आलं.

आणि आमच्या शहरानं काय केलं? पंचगंगा पिण्याजोगी राहिली नाही तेव्हा कृष्णेवरून पाणी आणलं. ते पुरेना म्हणून वारणेचं आणायचं ठरलं तर दानोळीला लोक रस्त्यावर आले. दूधगंगेचं सुळकूडवरून आणायचं ठरलं तर कागलकडून विरोध. मला दोन्ही बाजू आपल्या वाटतात. इचलकरंजीत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, माझ्या सोबत काम करणाऱ्या बायका रात्री दोनला उठून पिंपं भरतात, त्यांचं खोटं नाही. २०१२ साली शहरात कावीळ आली होती, हिपॅटायटिस ई, पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळून येणारी, लोक दगावले, ते ज्यांनी बघितलंय ते चांगलं पाणी मागणारच. पण वारणाकाठचा माणूस जेव्हा विचारतो की तुमच्या दारात नदी होती, तिचं काय केलंत, तेव्हा त्याला द्यायला माझ्यापाशी उत्तर नसतं.

गेल्या फेब्रुवारीत आमचं कल्चर, म्हणजे टँकमधले जिवाणू, मेलं. रात्रपाळीला कुणीतरी ब्लीचचा कडक बाथ न सांगता एकदम सोडला, ते सगळं इक्वलायझेशनमधून, म्हणजे पाणी आधी गोळा होतं त्या टाकीतून, एअरेशनला आलं, आणि सकाळी मी जिना चढले तर टँक राखाडी, वर पांढरा फेस आणि तो ओल्या मातीचा वास गायब. सिलिंडरमध्ये काही बसलंच नाही, सगळं धुरकट. मायक्रोस्कोपखाली एरवी व्हॉर्टिसेला नावाचे बारीक जीव दिसतात, घंटेसारखे, देठावर डोलणारे, त्यातला एकही हलत नव्हता. नऊ वर्षांत मी त्या प्लांटवर पहिल्यांदा रडले.

शेणापासून सुरू करायचं तर महिना गेला असता आणि तेवढे दिवस पाणी कुठे ठेवणार. मग मी शेजारच्या एका प्रोसेसच्या केमिस्टना फोन केला, वयानं मोठे आहेत, मी त्यांना काका म्हणते. आमच्या मालकांचं आणि त्यांच्या मालकांचं धंद्यात पटत नाही हे सगळ्यांना माहीत. ते म्हणाले, "विरजण मागायला आलीस होय? टँकर पाठव. विरजणाला कोण नाही म्हणतंय." तीन टँकर जिवंत गाळ आला. आमच्या ऑपरेटरनी ब्लोअर फुल सोडले, मी गूळ विरघळवून घातला, लोड एकदम न देता रोज थोडा थोडा वाढवला. पहिल्या आठवड्यात सिलिंडरला साठ, नंतर एकशेदहा, मग दोनशे. अठराव्या दिवशी स्लाईडवर एक व्हॉर्टिसेला देठ आखडून घेऊन पुन्हा ताठ झाला आणि मी खुर्चीवरून उठून ऑपरेटरना बोलावून दाखवला.

बीओडी तिसाच्या आत आली त्या दिवशी सगळ्यांना चहा झाला. चहा पिऊन मी आउटलेटला टीडीएस मीटर बुडवला. जो कल्चर मरायच्या आधी होता तोच आकडा, मेलं तेव्हा होता तोच, आता जिवंत झालं तरी तोच.

तो आकडा वहीत लिहिला आणि वही घेऊन मी डाईंगला गेले, जिगर चालू होत्या, डाईंग मास्तर शेड मॅच करत उभे होते. नऊ वर्षांत मी त्या खात्यात पाण्याचं सँपल घ्यायला गेलेय, मीठ किती टाकता हे विचारायला कधी गेले नव्हते, कारण पाणी पाईपातून माझ्याकडे आलं की माझं काम सुरू होतं असंच मी धरून चालले होते. मास्तर पंचवीस वर्षं रंगवतायत, त्यांना मी रंगवायचं काय शिकवणार. मी त्यांना कोल्ड पॅड बॅचबद्दल विचारलं. त्याच्यात कापडाला डाय आणि अल्कली एकदम पॅडिंगनं देतात, रोल करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फिरत ठेवतात, डाय थंडपणे आपला धरतो आणि मीठ लागतच नाही, वाफ पण नाही. मास्तरांना माहीत होतं. म्हणाले, "मॅडम, मशीन नवीन लागेल, आणि शेड पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत एकसारखी येईल का ही भीती. पार्टी एक मीटर परत घ्यायची नाही." मी म्हटलं, मालकांना मशीनचं मी विचारते, पण तोवर आहे त्या जिगरवर कमी मिठाचे डाय घेऊन एक सँपल बॅच करून बघूया का, तुम्ही शेड बघा, मी पाणी बघते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, कापडाचा तुकडा उजेडाकडे धरून बघत होते. मग म्हणाले, नेव्ही ब्लू नको, त्याच्यात फरक लगेच दिसतो, लेमन यलोनं सुरू करू, सोमवारी.

आज रविवार आहे. बॅचच्या आधीचं आणि नंतरचं पाणी घ्यायला बारा बाटल्या धुवून वाळत घातल्यात.